मोटारीचा मान

माझ्या सासऱ्यांनी मोटारींच्या एजंटाला आसुडानं फोडून काढलं, तेव्हा मी नुकतीच लग्न होऊन त्या घरात आले होते. एजंट सोलापूरचा. ओसरीवर बसून चहा पीत होता. बोलता बोलता म्हणाला, "देशमुखसाहेब, या मोटारीला आता इज्जत राहिली नाही. मागच्या पिढीची झाली ती." मामंजी उठले, खुंटीवरचा आसूड काढला आणि पहिलाच फटका त्याच्या कानावर बसला. कपबशी फुटली, एजंट अंगणात पळाला, मामंजी दुखऱ्या गुडघ्यांनिशी त्याच्यामागं. "इज्जत न्हाय म्हनतो? माझ्या मोटारीला?" शेवटी आमच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरनं मधे पडून एजंटाला सोडवलं. त्याच्या सदऱ्यावर पाठभर रक्त आलं होतं. नवी नवरी म्हणून मी डोक्यावर पदर घेऊन दारात उभी होते, आणि आपल्याला कुठल्या घरात दिलंय ते मला त्या सकाळी कळलं.

आमचं गाव सोनारीच्या वाटेवर. निजामाचं राज्य होतं तेव्हा मामंजींनी ती विलायती मोटार हैदराबादहून आणली होती. त्या कंपनीची सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत महाग. काळी, लांबलचक, आत लाल कातड्याच्या बैठका. तिच्यापुढून जाताना माणसं पायातलं काढून हातात घ्यायची म्हणे. मी आले तेव्हा राज्य गेलं होतं, जहागिऱ्या गेल्या होत्या, पायताणं पायातच राहायला लागली होती. मोटार मात्र तशीच उभी होती, आणि ड्रायव्हर रोज सकाळी तिला आंघोळ घालायचा. आमच्या घरात लहान मुलांनासुद्धा रोज आंघोळ मिळत नव्हती, पाण्याचा एवढा दुष्काळ. हे मी एकदा बोलून दाखवलं आणि आठवडाभर माझ्याशी कुणी धड बोललं नाही.

खरी गोम होती जत्रेची. चैत्रात आमच्या गावी भैरोबाची जत्रा भरते. पालखी उठायच्या आधी गुरव देशमुखांच्या मोटारीच्या पुढच्या चाकापाशी मानाचा नारळ फोडायचा, बॉनेटवर गुलाल टाकायचा, मग मोटार पुढं आणि पालखी मागं. मामंजींचे गुडघे धरले तेव्हापासून ते देवळात जाईनासे झाले. पण मान सोडवेना. म्हणून ते रिकामी मोटार पाठवायला लागले. मागच्या बैठकीवर त्यांची पगडी आणि काठी ठेवायची, ड्रायव्हरनं मोटार न्यायची, आणि गावानं त्या पगडीकाठीला बघून नारळ फोडायचा. वर्षानुवर्षं असं चाललं. मामंजींना वाटत होतं, गाव पगडीला मान देतंय. गाव कुणाला देत होतं, ते कुणी कधी विचारलंच नाही.

मार खाल्लेला एजंट वर्षाच्या आत परत आला. माणूस धंद्याचा होता, पाठीवरचे वळ विसरला. या खेपेला तो मामंजींना टाळून माझ्या नवऱ्याशी बोलला. मी आतून सगळं ऐकत होते. तो सांगत होता की हैदराबादेत नवाबांच्या मोटारी लिंबाच्या झाडाखाली ओळीनं विकायला लागल्या आहेत, त्यांच्यावर चिमण्या बसतात. पूर्वी मोटार विकायला जिल्हा फिरलं तर जहागीरदाराच्याच दारी थांबावं लागायचं, आता ठेक्यावर कामं करणारे गुत्तेदार आणि अडते घेतात, आणि तेही जुनी मागतात. "नवी मोटार माणूस ऐपत दाखवायला घेतो," तो म्हणाला, "आणि जुनी घराणं दाखवायला. ज्याच्याकडं घराणं नाही, त्याला तुमची जुनी पाहिजे." हे वाक्य माझ्या नवऱ्यानं नीट ऐकलं असतं तर पुढचं रक्त सांडलं नसतं. पण ह्यांचे डोळे एजंटाच्या हातातल्या चित्राकडं. त्याच कंपनीची, त्याच नावाची नवी मोटार. विलायतेहून सुटे भाग आणून इकडं जोडलेली. नाव तेच, अंग निम्मं, पत्रा पापडासारखा.

बापलेकांत आठ दिवस जुंपली. एकदा ह्यांनी रागानं मोटारखान्याचं दार लाथेनं मोडलं, एकदा मामंजींनी ह्यांच्या अंगावर पितळी तांब्या फेकला, तो माझ्या खांद्याला लागला. दोघांनीही माझ्याकडं बघितलं नाही. शेवटी मामंजी दमले. ह्यांनी नवी ठरवली, जुनी एका गुत्तेदारानं घेतली. हा गुत्तेदार गावातलाच. त्याचा बाप आमच्याकडं सालगडी होता. त्यानं आधी दारूचा गुत्ता घेतला, मग राज्य बदलल्यावर सरकारी रस्त्यांची कामं. मोटारीबरोबर ड्रायव्हरही गेला, कारण दुसऱ्या कुणाला ती चालवताच यायची नाही. मोटार दारातून हलली तेव्हा मामंजींनी आतली पगडी आणि काठी स्वतः उतरवून घेतली. मान घरी ठेवून नुसता सांगाडा विकला, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

गाव लगेच जुनीला थोरली आणि नवीला धाकटी म्हणायला लागलं. नवऱ्याला दोन बायका असल्यासारखं. माझ्या जावा-नणंदा मला चिडवायच्या, "तुला आता एक सवत आली." मी म्हणायचे, आली ती बरीच आहे, निदान पिठलं तरी मागत नाही.

चैत्र आला आणि गुरवानं चावडीत सगळ्यांसमोर सांगितलं, "आमी मोटारीपुढं नारळ फोडतो. मोटार जिथं, नारळ तिथं." ह्यांनी विचारलं, मान घराण्याचा की पत्र्याचा? गुरव म्हणाला, "मालक, इतकी वर्सं मोटार रिकामीच यायची की. आमी पत्र्यालाच फोडला नारळ." चावडी हसली. हे तडक घरी आले. त्यांनी जेवणाचं ताट भिंतीवर फेकलं आणि मला म्हणाले, "जत्रेला तू मागं बसायचं. पगडी आणि काठी मांडीवर घेऊन." मी म्हणाले, अहो, जाऊ द्या तो नारळ, मी घरी शंभर फोडते. ह्यांनी माझं मनगट असं पिरगाळलं की बांगड्या फुटल्या. मी गेले. भीतीनं गेले, आणि ह्यांना एकटं सोडवत नव्हतं म्हणूनही गेले.

दुपारी देवळापुढं पोचलो तर थोरली आधीच उभी. धुतलेली, हार घातलेली. तिच्याशेजारी गुत्तेदार, चाकावर हात ठेवून म्हातारा ड्रायव्हर, मान खाली. मामंजी त्या वर्षी हट्टानं बैलगाडीतून आले होते आणि देवळाच्या पारावर बसले होते. गुरव नारळ घेऊन निघाला. दोन मोटारींच्या मधे क्षणभर थांबला आणि थोरलीकडं वळला.

ह्यांनी धाकटी तशीच पुढं घातली. मी ओरडले असेन, आठवत नाही. गुरव उडी मारून बाजूला झाला आणि आम्ही थोरलीच्या तोंडावर आदळलो. माझं कपाळ पुढच्या बैठकीवर आपटलं. डोळे उघडून बघितलं तर आमच्या मोटारीचं नाक आत गेलेलं, वाफ निघतेय, खालून पाणी वाहतंय. थोरलीचा एक दिवा फुटला होता, बाकी काही नाही. आणि सगळी जत्रा हसत होती. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "धाकटीला लई लागलं वं, दवाखान्यात न्या."

त्या हसण्यानं ह्यांचं डोकं फिरलं. माझ्या मांडीवरची काठी हिसकावून हे उतरले आणि पहिला तडाखा गुत्तेदाराच्या खांद्यावर बसला. दुसरा मारणार तोच ड्रायव्हर मधे आला आणि त्याचा हात मोडल्याचा आवाज मी आत बसून ऐकला. मग गुत्तेदाराची माणसं धावली, आमचे भाऊबंद धावले, लाठ्या निघाल्या, दगड निघाले. पालखीचे भोई पालखी टाकून पळाले. एकाच्या हातात कुऱ्हाड होती. ती कुणाची, कोर्टात शेवटपर्यंत ठरलं नाही. मी बघितलं ते एवढंच, की हे थोरलीच्या बॉनेटवर उलटे पडले आणि चेहऱ्याची डावी बाजू नुसती लाल झाली.

मी धावत जाऊन पदर दाबून धरला. पदर भिजला, लुगड्याचा ओचा दाबला, तोही भिजला. भांडण एकदम थांबलं. मेला की काय, असं सगळ्यांच्या मनात आलं असणार. डॉक्टर बार्शीला. एसटी संध्याकाळी. बैलगाडीनं वाटेतच संपले असते, हे मला न शिकताही कळत होतं. गुत्तेदार खांदा धरून पुढं आला. "वैनी, मोटार न्या. मी चालवतो, ड्रायव्हरकडनं शिकलोय. बसवा मालकांना." त्यानं दयेनं म्हटलं की खुनाच्या भीतीनं, मला ठाऊक नाही आणि पर्वाही नाही.

आणि माझे सासरे पारावरून उतरून थोरलीच्या पुढं येऊन उभे राहिले. गुडघे दुखत नव्हते त्या वेळी. म्हणाले, "या मोटारीत माझा ल्योक बसायचा न्हाय. आपल्या मोटारीत न्या." आपली मोटार शेजारी वाफ सोडत उभी होती. मी म्हणाले, मामंजी, ती चालत नाही. "मग बैलगाडी जुपा. सालगड्याच्या पोराच्या मोटारीतनं देशमुख जानार न्हाय." मी पाया पडले. खरंच पडले, रक्तानं भरलेल्या हातांनी त्यांचे पाय धरले. ते हलले नाहीत. गावातला एक माणूस त्यांना हात लावायला तयार नव्हता. सगळे हसताना किती शूर होते.

थोरलीच्या पुढच्या बैठकीखाली इंजिन फिरवायचं लोखंडी हँडल असायचं. मी ते काढलं. "मामंजी, बाजूला व्हा, नाहीतर मारीन." त्यांना वाटलं बाईमाणूस, काय मारतेय. मी मारलं. मांडीवर मारलं, पण सगळा जीव काढून मारलं. ते खाली बसले. डोक्यावरची रोजची पगडी घरंगळत गुलालात गेली. लोक म्हणतात, सुनेनं सासऱ्यावर हात उचलला, त्या घराची रया त्याच दिवशी गेली. जाऊ दे. माझं कुंकू बॉनेटवर वाहत होतं. आजही तो प्रसंग आला तर मी मांडीवर नाही, डोक्यात घालीन.

खरं सांगते, मोटार गुणाची होती. बार्शीचा रस्ता गुत्तेदारानंच केलेला, म्हणजे कसा असेल ते सांगायला नको, पण तिच्या आत खड्डा कळत नव्हता. पुढं दहाएक वर्षांत त्याच मोटारीच्या टपावर कोंबड्यांच्या पाट्या लादलेल्या मी बघितल्या. भूमच्या बाजाराला भाड्यानं धावायची, आत वीस-वीस माणसं. धाकटीला तर भंगारवाल्यानंही नाकं मुरडली. आणि मानाचा नारळ पंचायत समितीच्या जीपपुढं फुटायला लागला. जीपमधला माणूस खाली उतरतसुद्धा नव्हता, आणि त्यावरून कुणाचं डोकं फुटलं नाही. पण त्या दुपारी मला हे काही माहीत नव्हतं. माझ्या मांडीवर एक डोकं होतं, ते जड होत चाललं होतं, आणि गुत्तेदार एका हातानं मोटार हाकत मधूनच विचारत होता, "हायत का?" मी दरवेळी हो म्हणत होते.

डॉक्टरांनी जीव वाचवला. डोळा गेला. मी दोन रात्री खाटेच्या पायाशी बसून होते. भैरोबाला मी काही नवस बोलले नाही, त्याच्यावरच माझा राग होता. घरून कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी राहिलेला डोळा उघडला, मला ओळखलं. मला वाटलं आता पाणी मागतील, माझ्या कपाळावरची जखम बघून काही विचारतील.

"कुणाच्या मोटारीतनं आनलं?"

मी खोटं बोलले नाही. थोरलीतून आणलं, म्हणाले, गुत्तेदारानं चालवली. ह्यांचा हात वर आला. आधी मला कळलं नाही काय करतायत. मग दिसलं, तोंडावरची पट्टी ओढून काढायला लागले होते. टाके उसवून रक्त परत गालावर आलं. मी तो हात धरला, तर दुसरा वर गेला. मग मी ह्यांच्या चांगल्या गालावर फाडकन मारली. शेजारच्या खाटेवरचा आजारी उठून बसला. ह्यांचे हात खाली आले. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघत होते, एका डोळ्यानं.

मी पट्टी जागेवर बसवली, रक्त पुसलं. बराच वेळ गेल्यावर ह्यांनी हळूच, नर्सला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळूच विचारलं, "पुढं बसवलं हुतं, का मागं?"

"मागं," मी म्हणाले. "मालकाच्या जागेवर. गुत्तेदार पुढं ड्रायव्हरच्या जागेवर होता."

ह्यांच्या चेहऱ्यावर समाधान आलं. डोळा मिटला, श्वास संथ झाला, आणि माझा नवरा लहान मुलासारखा गाढ झोपला. मी बाहेर व्हरांड्यात गेले आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडले.