राहुरीला, तिसऱ्या सहीसाठी

राहुरीला लोक बाजाराला जातात, नाहीतर सोयरिकीला. मी एका सहीसाठी गेलो.

लढाई संपून दोन वर्षं झाली होती आणि मी पुण्याच्या एका क्लबात विमान चालवायला शिकत होतो. एकट्याने उडायची परवानगी हवी असेल, तर आधी लागोपाठ तीनदा कुणाच्या मदतीशिवाय विमान उतरवायचं, आणि प्रत्येक वेळेची शिक्षकाने वहीत सही करायची, असा तिथला नियम. मी तीनदा उतरवलं. त्याच संध्याकाळी आमचे शिक्षक, कॅप्टन शांतवन साळवे, रजेवर गावी गेले आणि सह्या राहिल्या. नवे शिक्षक म्हणाले, सोमवारी सह्या दाखवा, नाहीतर पहिल्या धड्यापासून सुरुवात.

कॅप्टनसाहेबांच्या नावावर अकरा हजार तासांचं उड्डाण होतं, आणि सव्वीस जातींची विमानं चालवायचे परवाने. असा माणूस आपल्याला शिकवतो, म्हणजे आपणही थोडे तसेच, असा माझा समज होता. माझं तिसरं उतरणं तर इतकं अलगद झालं होतं, की त्याचं वर्णन मी घरी रोज करायचो. बायको सुमती त्या दिवशी मैदानाच्या कुंपणाशी उभी राहून पाहत होती, तरी करायचो.

शनिवारी पहाटेची गाडी धरली. दौंडला गाडी बदलावी लागते. तिथे चहा प्यावा, भजी खाऊ नयेत. मी खाल्ली. नगरच्या पुढे डब्यात धूळ येते, म्हणून डोक्याला बांधायला काहीतरी जवळ असावं. राहुरीचं स्टेशन गावापासून लांब आहे. टांगेवाला आठ आणे मागतो आणि आठच घेतो.

"विमानवाले साळवे कुठे राहतात?" मी विचारलं.

"त्येंच्या भावाचा मळा इचारा की," टांगेवाला म्हणाला. "त्यो समद्यांला म्हाईत हाय."

कॅप्टनसाहेब मळ्यातल्या लिंबाखाली बाजेवर बसले होते. त्यांनी माझी वही वाचली, अगदी पहिल्या पानापासून. मग पेन काढलं.

"पहिलं तुझं." सही केली. "दुसऱ्या वेळी तू तीनदा आपटलास. पण तिन्ही वेळा तूच आपटलास." सही केली. मग पेनाला टोपण लावलं. "तिसरं माझं."

आमच्या विमानात चालवायचे दांडे दोन, आणि ते एकमेकांना जोडलेले. शिक्षक पुढे, विद्यार्थी मागे. मागून शिक्षकांचं डोकं दिसतं, हात दिसत नाहीत.

"सर, दांडा माझ्या हातात होता."

"माझ्याही होता. वारा आडवा आला तेव्हा तू कुंपणाकडे बघत होतास, मला आरशात दिसलं."

"जरासंच तर धरलं असेल तुम्ही. करा ना सही."

"अकरा हजार तासांत मी एक मिनिट खोटं लिहिलेलं नाही," ते म्हणाले. त्यात चढा सूर नव्हता. त्यामुळे भांडताही येईना. मला रडू येत होतं, म्हणून मी रागावल्यासारखा चेहरा केला.

त्यांचे थोरले भाऊ दाविददादा शेजारी उभे होते. "अकरा हजार तास म्हंजी किती रं?" म्हणत ते खाली बसले आणि काडीने मातीत भागाकार करू लागले. "चारशे अठ्ठावन दिस. सव्वा वर्स! शांता, येवढ्या वर्सांत सव्वाच वर्स वर हुतास? मग बाकीचा येळ काय करत हुतास?"

यावर सव्वीस परवान्यांचे धनी उठले आणि विहिरीकडे निघाले. "दादा, आज मोट मी हाकतो. एकटा. तू हात लावायचा नाहीस."

मोट हाकणं लांबून सोपं दिसतं. बैल उतारावरून खाली जातात, पाण्याने भरलेली मोट विहिरीतून वर येते. पुन्हा मोट खाली सोडायची तर त्याच बैलांना मागे मागे चढावर आणावं लागतं, आणि मागे चालणं बैलाला आवडत नाही. पहिल्या खेपेला बैल तळाशी जे थांबले ते थांबलेच. कॅप्टनसाहेबांनी त्यांना मराठीत सांगितलं, मग इंग्रजीत.

तेवढ्यात लिंबाआडून जीभ टाळूला लावून केलेला बारीकसा आवाज आला. टॅक, टॅक. बैलांनी कान टवकारले आणि निमूट मागे आले. दाविददादा झाडाआड उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. अशा दहा खेपा झाल्या.

दिवस मावळायच्या आत जेवायला बसलो. त्यांच्या आई वाढत होत्या, बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी. या एका जेवणासाठीसुद्धा राहुरीला जावं.

"आई, दहा मोटा काढल्या," कॅप्टनसाहेब म्हणाले. "एकट्याने. दादाने हातसुद्धा लावला नाही."

"व्हय?" आईंनी दादांकडे पाहिलं.

"न्हाई लावला," दादा म्हणाले आणि भाकरी मोडू लागले. ते खोटं नव्हतं.

माझी वही शेजारीच होती. एक वाक्य बोललो असतो, तर तिसरी सही कदाचित पदरात पडली असती. निदान बरोबरी तरी झाली असती. पण कॅप्टनसाहेब इतके खुशीत होते, की मला बोलवेना. मी आणखी आमटी मागितली.

रविवारी सकाळी घरची मंडळी उपासनेला गेली आणि मी स्टेशनवर आलो. दौंडला भजी पुन्हा खाल्ली.

घरी पोचलो तेव्हा सुमती तांदूळ निवडत होती. "मिळाल्या सह्या?"

"दोन."

"आणि तिसरी?"

"ते त्यांनी उतरवलं होतं. मी कुंपणाकडे बघत होतो, मला कळलंच नाही." सांगताना माझी मान वर होईना. तीन आठवडे तिला ऐकवलेलं सगळं आठवत होतं.

तिने एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "ते मी पाहिलंच नाही. दुसऱ्या वेळी तुम्ही तीनदा आपटलात, ते पाहून मी डोळेच मिटून घेतले."

"मग इतके दिवस मी सांगायचो तेव्हा हूं हूं का म्हणायचीस?"

"तुम्ही इतके खुशीत असायचात," ती म्हणाली आणि सूप पुढे ओढलं. "पहिली दोन तुमचीच ना? ती मी पाहिलीत. पुन्हा उतराल तेव्हा डोळे उघडे ठेवीन. तुम्ही मात्र कुंपणाकडे बघू नका."