दवंडीमावशी गप्प बसायला शिकते

कपडे उसवून बेतात बसवून देणाऱ्या शिंपीणबाईंना गल्लीत सगळे दवंडीमावशी म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे. तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. त्यामुळे महिला समुपदेशन केंद्रात ती प्रशिक्षणाला बसली, तेव्हा तिचा नवराही हसला. पण दुकानात माप देता देता बायका रडायच्या आणि मावशी प्रत्येकीला "जरा सांभाळून घे" म्हणून परत पाठवायची. त्यातली एक मोडलेला हात घेऊन आली, तेव्हापासून मावशीला स्वतःचीच जीभ टोचत होती.

केंद्रातल्या समुपदेशक ताईंनी शिकवलं, "का सहन केलंस" विचारायचं नाही, बाईला आरोपी झाल्यासारखं वाटतं. "तेव्हा काय झालं" असं विचारायचं. सल्ला गिळायचा. तिचंच म्हणणं तिला परत ऐकवायचं. मावशीनं सराव नवऱ्यावर केला. भाजी अळणी आहे म्हटल्यावर ती म्हणाली, "म्हणजे तुम्हाला मीठ कमी वाटतंय." तो ताट घेऊन गॅलरीत गेला.

एकच नियम तिला पटला नव्हता. केंद्रात अमकी येते का, असं कुणी विचारलं तर आलेली असो वा नसो, उत्तर एकच: ते आम्ही सांगत नाही. मावशीला वाटे, जी आलीच नाही तिच्याबद्दल "नाही" म्हटलं तर कुणाचं काय जातंय? उलट बिचारीची अब्रू वाचते. गल्लीतल्या एका ड्रायव्हरच्या बायकोबद्दल शेजारच्या लाँड्रीवालीनं विचारलं तेव्हा तिनं ठासून सांगितलं, "छे, ती कशाला येतेय."

मग लाँड्रीवालीचीच सून आली. नवरा मारायचा, तिची प्रमाणपत्रं त्यानं कपाटात कुलपात ठेवलेली. चावी कुठे असते ते तिला कळलं होतं. गुरुवारी घर रिकामं असताना कागद काढायचे, मुलीला घ्यायचं आणि आत्याकडे जायचं, एवढं तिनं ठरवलं होतं. ताईंच्या शेजारी बसून मावशीनं चाळीस मिनिटं नुसतं ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा.

मंगळवारी दुपारी लाँड्रीवाली एक पॅन्ट घेऊन दुकानात आली. खाली दुमडून हवी होती. बोलता बोलता तिनं विचारलं, आमची सून येते का गं तुमच्याकडे?

"कोण येतं, कोण नाही, ते आम्ही सांगत नाही," मावशी म्हणाली. अगदी शिकवल्याबरहुकूम.

लाँड्रीवालीनं पॅन्टची घडी घातली. "ड्रायव्हरच्या बायकोचं मात्र लगेच सांगितलंस." पॅन्ट तशीच उचलून ती निघून गेली.

"नाही" म्हटलं नाही म्हणजे सून येते, हे तिनं ओळखलं होतं, हे मावशीला उमगलं. आपली चूक लपवली असती तर कुणाला कळणार नव्हतं. ताईंना तर मुळीच नाही. शटर ओढून ती थेट केंद्रात गेली आणि एकही सबब न जोडता सगळं सांगितलं. ताईंनी कपाळाला हात लावला, मग पर्स उचलली. सुनेचा फोन नवरा तपासायचा, म्हणून दोघी ती काम करायची त्या दवाखान्यात गेल्या. सून बसायची त्या केसपेपरच्या खिडकीशी मावशी रांगेत उभी राहिली.

नंबर आल्यावर ती हळूच म्हणाली, "सासूला कळलंय. माझ्यामुळे. तू घरी जाण्याआधी तुला माहीत असायला हवं."

सुनेनं केसपेपरवर तारीख लिहिली, ती चुकली, खोडली. "कागद घरातच आहेत, मावशी."

"हो."

"आता ते कधीच मिळायचे नाहीत."

मिळतील, पोलिसांना घेऊन जाऊ, असं मावशीच्या ओठांवर आलं होतं. पण ते होईल की नाही हे तिला माहीत नव्हतं. तिनं ते गिळलं आणि ती रांगेतून बाजूला झाली.

अर्ध्या तासानं सून सुट्टी टाकून बाहेर आली. हातात फक्त डबा आणि छत्री. शाळेतून मुलीला घ्यायचं आणि तिथूनच परस्पर आत्याकडे. ताईंनी रिक्षा थांबवली. मावशीही चढू लागली, तशी सुनेनं सीटवर डबा ठेवला.

"तुम्ही नको. पुढेही मी ताईंशी एकटीच बोलेन."

मावशीनं पाय खाली घेतला, म्हणाली, "बरं," आणि रिक्षाला वाट करून दिली.