डबी दाबायची ऱ्हायली

बल्ब पांढराफेक पडला, पंखा असा गरगरायला लागला की आता सुटून खाली येतोय असं वाटलं, खाली झोळीत बाळ, आणि कोपऱ्यात टेबलाखाली कॉम्प्युटरचा यूपीएस टीं टीं टीं करतोय. भर दुपार. मी पीठ मळत होते, हात तसेच पिठाचे. पहिलं कुठं पळू तेच कळंना. झोळीकडं एक पाऊल टाकलं, परत टेबलाकडं फिरले, आणि तेवढ्यात जळका वास आला.

मला माहीत नव्हतं असं नाय. मिस्टरांनी शिकवलं होतं. मी आठवीतून शाळा सोडलेली, इंग्रजी वाचता येत नाय, म्हणून त्यांनी चित्र दाखवलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात एक चौकोनी डबी असते. लाइट गेली की यूपीएस वाजतो, वाजतोय म्हणजे बॅटरीवर चालू हाय, घाबरायचं नाय. पहिली डबी दाबायची, म्हणजे केलेलं काम आत जातं. मंग कॉम्प्युटर नीट बंद करायचा, मंगच यूपीएसचं बटण. मी ते भांडी घासतानापण म्हणायची. डबी, बंद, बटण. डबी, बंद, बटण.

पण ते लाइट गेल्यावरचं होतं. लाइट जास्त आल्यावर काय करायचं ते कोणी सांगितलंच नव्हतं.

आमचे मिस्टर साजगावला कारखान्यात. सकाळी कंपनीची बस, परत यायला अंधार. भिसेगावात ही भाड्याची खोली घेतल्यापासून दिवसभर मी आणि बाळ. बाळ काय बोलतंय. माहेर कडावला, तिकडं दारात बसलं तरी चार जणी विचारून जातात, भाजी काय केलीस गं. इथं समोरासमोर दारं, पण बंद. कधी कधी दुपारी लाइट जायची आणि यूपीएस वाजायचा, तर मी त्याला म्हणायची, हो रं, आले, आले. तेवढंच बोलणं.

मिस्टर घरी ऱ्हातील म्हणून तर तो जुना कॉम्प्युटर आणलेला. मशीनच्या सुट्या भागांचं ड्रॉइंग करायला ते शिकले होते. खोपोलीच्या एका वर्कशॉपवाल्यानं सांगितलं होतं, एक ड्रॉइंग करून दाखव, जमलं तर घरबसल्या काम देतो, पण उद्या संध्याकाळच्या आत पायजे. रात्रभर बसून केलं त्यांनी. थोडंच ऱ्हायलेलं. सकाळी बसचा हॉर्न वाजला आणि उठून पळाले, कॉम्प्युटर तसाच चालू. म्हणाले, आज लवकर सुटून येतो, लक्ष ठेव गं.

लक्ष ठेवलं होतं मी.

वास आल्यावर यूपीएसचं भिंतीवरचं बटण बंद केलं. पंखा अजून फिरतोच हाय, यूपीएस वाजतोच हाय. मला वाटलं करंट अजून आत हाय, आता फुटणार. यूपीएसच्या मागनं दोन जाड वायरी गेल्या होत्या, त्या दोन्ही हातांनी ओढल्या. पडदा काळा झाला. मंग झोळीतनं बाळ उचललं आणि बाहेर, समोरचं दार बडवत सुटले.

समोरच्या काकूंनी दार उघडलं. "कोण गं तू?"

"समोरची, काकू. माज्या घरात जळतंय काहीतरी."

"इथंच ऱ्हातेस? मला वाटलं खोली रिकामीच हाय." मंग माज्याकडं बघून म्हणाल्या, "अगं त्या पोराला एवढं आवळू नको, श्वास तर घेऊ दे त्याला."

त्यांनी माज्या घरात येऊन दाराशेजारचा मेन स्विच खाली केला. मला तो सुचलाच नव्हता. "माजा टीवी गेला बघ," म्हणाल्या, "आणि तू त्या कॉम्प्युटरकडं काय बघत बसलीस." वायरमनला फोन केला आणि आपल्या घरात गेल्या. दार लावून घेतलं.

वायरमन म्हणाला, खांबावरची न्यूट्रलची वायर सुटली होती, म्हणून घरात जास्त दाबानं लाइट आली. यूपीएस जळाला. कॉम्प्युटर वाचला.

मिस्टर आले, कॉम्प्युटर सरळ भिंतीतल्या प्लगला लावून बघितला. चालू झाला. ड्रॉइंग नव्हतं. रात्रीचं सगळं गेलं होतं.

"मीच सकाळी डबी दाबायची विसरलो," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "यूपीएस वाजत होता ना?"

"हो."

"म्हणजे बॅटरी चालू होती गं."

"अवो, पण वास येत होता."

"हं," म्हणाले, आणि हात धुवायला गेले. परत त्यावर बोलले नायत. वर्कशॉपवाल्यानं काम दुसऱ्याला दिलं. ते अजून साजगावलाच जातात. नवीन यूपीएस आणलाय, पण आता तो वाजला की मी पहिलं बाळ उचलते.

आई फोनवर म्हणते, पोर वाचलं ना, मंग झालं. पण पोराला तर काहीच झालं नव्हतं. एवढ्या गोंधळात ते उठलंपण नाय, बाहेर नेल्यावर जागं झालं. पंखा पडला नाय, आग लागली नाय. डबी दाबायला कितीसा वेळ लागला असता? दाबली असती तर आता दुपारी ते इथं टेबलापाशी असते आणि मी चहा ठेवला असता. हे आता कळतंय. तेव्हा वास येत होता, आणि बाळ माज्या पाठीमागं होतं, मला दिसत नव्हतं.

तुमी तिथं असता, एकट्या, तर तुमी काय केलं असतं?