तांदळात लिहिलेलं नाव

माझा नवरा ज्या देशात राहतो, त्या देशाचं नाव आमच्या घरात कुणी घेत नाही. सासूबाई नुसतं 'तिकडं' म्हणतात. त्यांचं ऐकून ऐकून मीही तिकडंच म्हणायला लागले. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, तसं काहीतरी या देशाचं झालं आहे. माणूस घेऊन गेला तो गेला, वर मानही आम्हीच द्यायचा.

तो गेला त्याला अडीच वर्षं झाली. इथं रांजणगावच्या एका कंपनीत टर्नर होता, तिकडंही तेच काम. पाटसला हायवेवर आम्ही त्याला बसमध्ये बसवलं, तेव्हा उसाचे ट्रॅक्टर ओळीनं कारखान्याकडे चालले होते आणि त्यांच्या गाण्यांपुढं त्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. त्यानं खिडकीतून सहा बोटं दाखवली. सहा महिन्यांत तुला बोलावतो. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, त्या बोटांकडे बघून म्हणाल्या, "काय मागतोय? सहा चपात्या बांधल्यात की."

सहा महिने झाले आणि नियम बदलला. आता बायकोलाही तिकडची भाषा यायला हवी, परीक्षेसकट. मग मी इथं सासरी, मांडवगणात, गोठ्याच्या भिंतीला टेकून, मोबाइलवर शिकायला बसले. समोर म्हैस रवंथ करतेय आणि मी त्या भाषेत 'माझी खोली मोठी आणि उजेडाची आहे' असं घोकतेय. आत्या एकदा म्हणाल्या, "म्हशीला समजाय लागलं आता, तुला कवा येणार?" आली. दुसऱ्या खेपेला पास झाले. तोवर खोलीचा नियम बदलला. दोघांना पुरेल एवढी जागा दाखवायची. नवऱ्यानं दोन मित्रांबरोबरची खोली सोडली आणि एकटा मोठ्या घरात राहायला गेला. व्हिडिओवर त्यानं मला ते रिकामं घर फिरून दाखवलं. स्वयंपाकघरातलं एक कपाट उघडून म्हणाला, "हे तुझं." त्यात काहीच नव्हतं. मी ते कपाट मनात इतक्या वेळा लावलं की डाळींचे डबे कुठल्या फळीवर ठेवायचे हे अजून पाठ आहे.

मग तिसरा नियम आला. पुढच्या महिन्यापासून तिथं कायमचं राहायचं कार्ड मिळाल्याशिवाय बायकोला बोलावता येणार नाही. कार्डाला अजून चार-पाच वर्षं. मात्र महिना संपायच्या आत ज्यांची फाइल जाईल त्यांना जुना नियम. आमच्या हातात अठरा दिवस होते.

पुण्यात फाइल घेणाऱ्या खिडकीपाशी बसलेल्या मुलीनं माझा पासपोर्ट उघडला, शेजारी लग्नाचा दाखला ठेवला आणि दोन्हींवर एकेक बोट ठेवलं.

"मॅडम, या दोन वेगळ्या बायका आहेत."

चूक तिची नव्हती. पासपोर्ट माझ्या कॉलेजच्या कागदांवरून काढलेला, म्हणजे दौंडचं, माहेरचं नाव. लग्नाचा दाखला ग्रामपंचायतीचा, आणि तिथल्या रजिस्टरात आत्यांनी सांगितलेलं नाव. सासरी नाव बदलायची आमच्याकडची रीत. लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात नवीन नाव लिहितो. गावातल्या बऱ्याच बायका अशा दोन-दोन नावांच्या आहेत आणि कुणाचं काही अडत नाही, कारण कुणाला कुठं जायचंच नसतं.

त्या नावाचा मला पहिलं वर्षभर राग होता. बावीस वर्षं मी एका हाकेला वळत होते आणि अचानक दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारल्यासारखं वाटायचं. मी मुद्दाम ओ द्यायचे नाही. बहिरी सून मिळाली, असं आत्या शेजारी सांगायच्या. मग एकदा नवऱ्यानं कबूल केलं की तांदळात लिहिताना भर मांडवात चुकायला नको म्हणून तो आदल्या दिवशी कणकेच्या परातीत तेच नाव लिहून बघत होता, आणि बहिणींनी त्याला पकडलं होतं. का कोण जाणे, त्यानंतर ते नाव माझं झालं. शिफ्टवरून आला की तो दारातून तीच हाक मारायचा. तो गेल्यावर ती हाक फोनमध्ये गेली.

ग्रामसेवक भाऊसाहेबांनी मार्ग सांगितला. शिरूरहून प्रतिज्ञापत्र आणायचं, जुनं नाव छापलेली लग्नपत्रिका जोडायची, आणि सासरकडच्या कुणीतरी सांगायचं की ही तीच. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. नणंदा सासरी, एक नगरकडे आणि एक गुजरातेत. घरात आम्ही दोघीच. म्हणजे आत्याच.

पत्रिका दौंडला आईकडे मिळाली, देवापुढं ठेवलेली पहिली, हळदीकुंकवाचे डाग पडलेली. प्रतिज्ञापत्रात पाच दिवस गेले. मग आत्यांना घेऊन मी ग्रामपंचायतीत गेले.

भाऊसाहेबांनी विचारलं, "मावशी, लग्नाआधी हिचं नाव काय होतं?"

आत्या बाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "न्हाई बा आठवत."

भाऊसाहेबांनी पत्रिका पुढं केली. "मला कुठं वाचाय येतं?" म्हणाल्या आणि पदर सावरून उठल्या.

मी इतकी चिडले की वाटभर त्यांच्या पुढं भराभरा चालत राहिले. इनामगाव आमच्यापासून जवळच. शाळेच्या सहलीत गुरुजींनी तिथं सांगितलं होतं की तीन हजार वर्षांपूर्वीची तिथली माणसं मेलेल्याला घरातच पुरायची, आणि पुरताना त्याची पावलं तोडायची. घर सोडून जाऊ नये म्हणून, असं म्हणतात. त्या दुपारी मला वाटलं, आमच्या आत्या त्यांच्यातल्याच.

संध्याकाळी धारा काढताना मी विचारलंच. "आत्या, खरंच आठवत न्हाई?"

"न आठवाय काय झालं? पत्रिका मीच वाटल्या की घरोघर."

"मग?"

त्या धार काढायच्या थांबल्या नाहीत. "मग काय. मी व्हय म्हणले का तू गेली. पोरगं गेलं तवा तू व्हतीस. आता तू गेल्यावर मी भिंतींशी बोलू व्हय?"

मला नवऱ्याकडे जायचं होतं. दोन माणसांच्या भांड्यात एकट्यासाठी भात लावणारा माझा नवरा मला हवा होता, आणि त्यासाठी या बाईला एकटं टाकायची माझी तयारी होती. हे मी तेव्हाही जाणून होते. लाज वाटली, पण जायचं मन काही बदललं नाही.

सकाळी मी उठले तर आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून ओट्यावर बसलेल्या. "चल. त्यो भाऊसाहेब अकराला येतो का बाराला?"

ग्रामपंचायतीत त्यांनी माझं माहेरचं नाव वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, खणखणीत सांगितलं. आठ वर्षांत त्यांच्या तोंडून ते मी पहिल्यांदा ऐकलं. बचत गटात शिकलेली सही त्यांनी जिभेचं टोक दातात धरून केली. मग भाऊसाहेबांनी लाल पेन घेतलं, रजिस्टरातल्या नावावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली आणि वर दुसरं नाव लिहिलं. त्या रेघेखालचं नाव माझ्या नवऱ्यानं कणकेत गिरवलेलं होतं. त्याच्याकडे जायचं म्हणून मी ते खोडून घेतलं, वर भाऊसाहेबांना चहाही पाजला.

परत येताना मी विचारलं, "आत्या, तुमचं माहेरचं नाव काय होतं?"

"ऱ्हाऊ दे. ते घेणारं आता कोण राहिलं न्हाई," त्या म्हणाल्या आणि पायाखालची वाट बघत चालू लागल्या.

मुदत संपायला दोन दिवस असताना दुरुस्त दाखल्यासकट फाइल गेली. त्याला आता पाच महिने होतील. अजून उत्तर नाही. आणखी एखादा नियम बदलतोय असं मधूनच कुणीतरी सांगतं आणि मी मोबाइलवर फाइल कुठवर आली ते पुन्हा बघते. नवरा रोज फोन करतो, पण हल्ली मला कागदावरच्या नावानं हाक मारतो. मुलाखतीला बोलावलं तर विचारतील, सवय राहू दे, म्हणतो. मी म्हणते, "ते नका. दुसरं घ्या." तर हसून म्हणतो, "ते आता रद्द झालंय, बाई." त्याला थट्टा वाटते. मला त्याच्याजवळ जायचंय, आणि दारातून आलेली ती जुनी हाक ऐकायचीय, आणि तिकडं ती हाक कागदोपत्री कुणाचीच नाही.

गेल्या आठवड्यात मी मागच्या वाफ्यात मेथी खुडत होते. गोठ्याकडून हाक आली. माहेरच्या नावानं, अडखळत, मधेच एक अक्षर खाऊन. आधी वाटलं आईच आली दौंडहून. उठून बघितलं तर आत्या. पुन्हा तीच हाक, या वेळी सावकाश, एकेक अक्षर उचलून ठेवत.

मी जवळ जाऊन म्हणाले, "आत्या, हे काय आता? तुम्ही आपलं नेहमीचंच म्हणा की."

"न्हाई. सवय लावून घेती," त्या म्हणाल्या. "तिकडं तुला याच नावानं वळखणार ना? मी फोन केला आन् दुसऱ्याच बाईचं नाव सांगितलं तर तुला फोन देतील का ती लोकं?"

फोन माझ्याच हातात असेल, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी आणखी एकदा हाक मारून बघितली. या वेळी बरोबर आली. मी ओ दिली.