उडून न जाणारी चिमणी

"चला, उतरायला सुरुवात करा," साहेब म्हणाले. मी केली नाही.

साहेब म्हणजे एका खाण कंपनीचे मुंबईचे डायरेक्टर. विमान कंपनीचं, मी करारावरचा पायलट, आणि करार त्याच महिन्यात संपत होता. सूरजागडच्या टेकड्या वरून दाखवून आम्ही चंद्रपूरच्या धावपट्टीकडे परतत होतो. मागच्या सीटवर रफीकभाऊ होते, कंपनीला जीपगाड्या पुरवणारे चंद्रपूरचे ठेकेदार.

नव्वदच्या दशकात आमच्या विमानात जीपीएस बसला आणि साहेबांना पायलट व्हायला फक्त टोपी घ्यायची बाकी राहिली. या डब्यात चढण्या-उतरण्याचं एक पान असतं. आता किती उंचीवर आहात, किती उंचीवर यायचंय आणि धावपट्टीच्या किती अलीकडे, एवढं भरलं की कुठून उतरू लागायचं ते तो सांगतो. जाताना चढणीचे आकडे साहेबांनीच भरले होते. मी गुपचूप त्याहून बराच वर राहिलो, म्हणून टेकडी खाली राहिली. श्रेय डब्याला मिळालं. वर, आता पायलटला एवढा पगार कशाला, हेही ऐकून घेतलं.

परतताना साहेबांनी भरलं, हजार फूट. त्यांच्या मनात जमिनीपासून हजार. डबा मोजतो समुद्रसपाटीपासून. चंद्रपूरची जमीनच समुद्रापासून सहाशेच्या वर, म्हणजे हातात उरले चारशे. हे मी दोनदा समजावलं. मशीन अमेरिकन आहे, असं उत्तर मिळालं. जणू अमेरिकेने आमचं चंद्रपूर चौपाटीवर नेऊन ठेवलं होतं.

थंडीचे दिवस, खाली सगळं धुरकट. आणि आमच्या वाटेवर ऊर्जानगर, औष्णिक वीज केंद्राची वसाहत. तिथल्या क्वार्टरमध्ये मी लहानाचा मोठा झालो. धुरात काय उभं आहे ते मला दिसायची गरज नव्हती.

"खाली घ्या. नाहीतर उद्यापासून दुसरा पायलट बघतो."

नोकरी गेली, हे कळलं. भीती वाटली आणि त्याहून जास्त संताप आला. तरी विमान होतं तिथेच धरलं.

"पुढे चिमणी आहे, साहेब."

साहेब हसले. "चिमणीला घाबरता? आवाजानेच उडून जाईल."

हेडफोनमध्ये मागून रफीकभाऊ शांतपणे बोलले, "सायेब, ते उडत नाई. आमच्या पावरहाऊसची हाये ते."

तेवढ्यात धुरातून तिचं टोक वर आलं. आमच्या बरंच खाली, पण डब्याच्या हजार फुटांच्या बरंच वर. साहेबांनी डब्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर, आणि उतरेपर्यंत कुठल्याच बटणाला हात लावला नाही.

माझा करार वाढला. हेड ऑफिसला साहेबांनी कळवलं होतं की त्यांच्या सावधगिरीमुळे पक्ष्याची धडक टळली.

डबा समुद्रापासून मोजतो, साहेब स्वतःपासून. जमिनीपासून मोजणारा एक माणूस विमानात ठेवावा, मग त्याला पगार द्यावा लागला तरी चालेल.