आत्याबाईच्या मिशा

आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. ही म्हण ज्या कोणी काढली, त्याच्या घरातलं माणूस अवेळी गेलेलं नसावं. ज्या घरातून असं माणूस जातं तिथे उरलेल्यांचा निम्मा दिवस 'जर' आणि 'तर' यांच्यामध्ये येरझाऱ्या घालण्यात जातो, आणि मिशांचे विनोद कुणाला सुचत नाहीत.

या गोष्टीतल्या आत्याला मात्र ही म्हण लहानपणापासूनच चिकटली होती. तिला 'जर'ने वाक्य सुरू करायची खोड. जर दुकान बंद असलं तर? जर बस चुकली तर? तिचा दादा तिला वाक्य पुरं करू द्यायचा नाही. "आत्याबाईला मिशा असत्या तर!" म्हणायचा आणि मोकळा व्हायचा. पुढे त्याला मुलगी झाली, ही खरोखरची आत्याबाई झाली, आणि मग तर त्याच्या विनोदाला ऊतच आला.

आत्या चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काम करते. समोर काचा घासायचं यंत्र, शेजारी दांड्यावर बसवलेलं मोठं भिंग, डाव्या हाताला खिडकी. फ्रेमच्या मापाने काच घासायची, कडा मऊ करायच्या, ओरखडा राहिला का ते उजेडात धरून पाहायचं. पुढे गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की मालक तिला हाक मारतो. तिचं म्हणणं ठरलेलं असतं. "फ्रेममध्ये वाचवा. काचेत वाचवू नका." स्वस्तातलं आणि तरी चांगलं शोधून काढावं ते आत्यानेच, असा तिचा घरीदारी लौकिक होता.

म्हणूनच दादाने चाकांचं काम तिला सांगितलं. दादाला सायकलचं वेड होतं, तेही रस्त्यावर पळवायच्या त्या सडपातळ सायकलचं. तिला कार्बनची चाकं लावायची हे त्याने मनात घेतलं होतं. नावाजलेल्या कंपनीची घ्यायची तर घर गहाण टाकावं लागलं असतं. आत्याने पुष्कळ शोधाशोध करून कधी न ऐकलेल्या एका कंपनीची जोडी काढली. दादाने विचारलं, "घेऊ ना?" आणि ती म्हणाली, "घे."

पुढच्या हिवाळ्यात डोंगराच्या लांब उतारावर एका वळणाशी त्याचं पुढचं टायर फुटलं. त्या सायकलचा ब्रेक रिमवरच घासणारा होता. घासून घासून रिम तापली, कड फुगली आणि टायर गेलं. दादा त्या वळणावरच संपला.

भेटायला आलेल्या प्रत्येकाने एकच वाक्य टाकलं. "स्वस्तातली चाकं हो, दुसरं काय!" उचलली जीभ लावली टाळ्याला. आत्या तिथेच पाण्याचे पेले घेऊन उभी असायची. वहिनी मात्र तिला एका शब्दाने बोलली नाही. पूर्वी ती आत्याला 'वन्सं' म्हणायची, जुन्या पद्धतीने आणि निम्मं थट्टेत. आता ती हाकच बंद झाली. नुसतं "चहा ठेवू?" आणि नजर भलतीकडे. आत्याने त्याचा एकच अर्थ लावला. चार शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

मागचं चाक धड राहिलं होतं. वहिनीला ते घरात नको होतं, म्हणून आत्याने आपल्याकडे आणलं आणि पॅसेजमध्ये खिळ्याला टांगलं. आणि ते वाजायला लागलं.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर कोणी म्हणेल वारा असेल. पाय मारायचं थांबवून सायकल उतारावर सोडली की मागच्या चाकातून टिकटिक येते, ती सगळ्यांनी ऐकलेली असते. पण टांगलेलं चाक वाऱ्याने फिरलं तर गिअरच्या चकत्याही त्याच्याबरोबर फिरतात आणि काही वाजत नाही. टिकटिक व्हायची तर त्या चकत्या कुणीतरी धरून ठेवाव्या लागतात. आत्या एकटी राहते. मग धरतं कोण?

सुट्टीच्या दिवशी दुपारी ती कपड्यांच्या घड्या घालत असली की आवाज यायचा. आधी सावकाश, मग भरभर, उतार वाढत जावा तसा. आणि मध्येच तुटायचा. हळू होत होत थांबला असं कधीच झालं नाही. तो तुटला की ती हातातली घडी टाकून उठायची. जाऊन पाहावं तर चाक गप्प. ते काढून टाकावं असं तिला दहादा वाटलं. पण चाक गेलं तर आवाजही जाईल, आणि दादाचं तेवढंच तर तिच्याकडे उरलं होतं.

एक दिवस भाची आली. दादा गेला तेव्हा शाळेत होती, आता नोकरीला लागली होती. बापाचं वेड लेकीने उचललं होतं. सायकल तिने आधीच घेतली होती, आत्याच्या कानावर ती गोष्ट फार उशिरा आली.

"आत्या, मला कार्बनची चाकं घ्यायचीयत. परवडतील अशी. तू निवडून दे."

आत्याने आधी विचारलं, "आईला विचारलंस?"

"आईच म्हणाली, आत्याला विचार."

हे आत्याला फार लागलं. तिला वाटलं, वहिनीने इतक्या वर्षांनी टोला हाणला, तोही पोरीच्या हातून.

"दुसऱ्या कुणाला विचार ना. जगात काय मीच उरलेय?"

"अगं, माझ्या सायकलला डिस्क ब्रेक आहेत. ब्रेक रिमला लागतच नाही. बाबांसारखं नाही होणार."

"आणि जर झालं तर?"

अशा वेळी या घरात कोणतं वाक्य यायचं ते दोघींनाही माहीत होतं, पण म्हणायचं धाडस एकीलाही झालं नाही.

"तू नाही निवडलीस तर दिसतील ती घेईन," भाची चपला घालताना म्हणाली. पोरगी हट्टाला पेटली की बापासारखीच, शब्दाला पक्की.

आता आली का पंचाईत! निवडावी तर तोच शब्द पुन्हा तोंडातून काढायचा, आणि न निवडावी तर पोरगी काहीतरी भलतंच घेऊन त्याच डोंगरावर जाणार. आत्याने विचार केला, आधीच्या चाकाला काय झालं ते कळल्याशिवाय दुसरं निवडणार कसं? तिने देवाचं नाव घेतलं आणि चाक खिळ्यावरून काढलं. टांगल्यापासून इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला हात लावला होता.

दुकानात जेवणाच्या सुट्टीत तिने ते भिंगाखाली धरलं. रिमच्या कडेला ब्रेक घासायचा पट्टा असतो, तो खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिला. बारीक बारीक गोल ओरखडे होते आणि त्यांत मधूनच चंदेरी कण चमकत होते. कार्बन काळा असतो, त्यात चांदी कुठली? पण घासणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. मऊ वस्तूत कडक कण रुतला की ती वस्तू समोरच्याला ओरबाडत जाते. दादाची आधीची चाकं अॅल्युमिनियमची होती. ब्रेकच्या जुन्या रबरांत त्यांचा चुरा रुतलेला होता, आणि तीच रबरं नव्या दोन्ही चाकांच्या कडा ओरबाडत, जास्तच तापवत राहिली होती. कार्बनसाठी वेगळी रबरं चाकांबरोबर आली होती. हीच लाव हं, असं बजावून आत्याने स्वतः ते पाकीट दादाच्या हातात दिलं होतं.

संध्याकाळी ती चाक घेऊनच वहिनीकडे गेली. वहिनीने दारात चाक पाहिलं. काही न विचारता आत गेली आणि पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यात सुटी बटणं होती, जुन्या किल्ल्या होत्या, आणि तळाशी ते पाकीट होतं. न फोडलेलं.

त्या घराची रीतच तशी होती. नवा टॉवेल कपाटात, जुना अंगाला. चांगल्या कपबश्या पाहुण्यांना. नवीन म्हणून आलं की ते आधी जपून ठेवायचं.

"जुनी अजून अर्धी शिल्लक आहेत म्हणाले," वहिनी म्हणाली. "झिजली की लावू. आणि मीच म्हटलं, बरोबर आहे, ठेवा जपून. माझ्याच हाताने डब्यात टाकलं." ती खाली बसली. "लोक तुम्हाला बोलत होते, मी ऐकत होते. खरं काय ते सांगायला माझं तोंड उघडलं नाही. तुमच्याकडे बघवत नव्हतं मला. वन्सं, जर मी तेव्हा ते पाकीट फोडलं असतं..."

"आत्याबाईला मिशा असत्या तर!"

आत्याच्या तोंडून ते गेलं, आणि गेलं ते थेट दादाच्या सुरात. दोघी दचकल्या. मग वहिनीला हसू आलं, आत्यालाही आलं, आणि हसता हसता दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून इतक्या रडल्या की शेजारीण डोकावून गेली. योग्य रबरं असती तरी ती रिम टिकली असती का, हे आत्या आजही छातीठोकपणे सांगणार नाही. पण इतकी वर्षं दोघींनी एकच भूत आपापल्या घरी वेगवेगळं पोसलं होतं, एवढं त्या संध्याकाळी तिला कळलं.

मग भाची कामावरून आली आणि तिघी मिळून चाकं निवडायला बसल्या. भाचीला उंच रिमची, झोकदार जोडी हवी होती. "डोंगरावर वारा आडवा येतो. उंच रिम म्हणजे हातात शीड धरल्यासारखं," आत्या म्हणाली. "बुटकी घे. स्पोक आणि बेअरिंग कुठल्याही दुकानात मिळतील असेच हवेत. तुझं वजन ती झेलतात का बघ, टायरमध्ये हवा किती चालते ते बघ. आणि विकणारा फोन उचलतो का, ते आत्ता माझ्यासमोर बघ. नाव आणि रंग यांत खुशाल वाचव."

"आणि बरोबर जे काही येईल," वहिनी म्हणाली, "ते त्याच दिवशी लावायचं. या घरात आता काही जपून ठेवायचं नाही."

एक जोडी उरली. नाव न ऐकलेलंच होतं. भाचीने विचारलं, "घेऊ ना?"

आत्याने वहिनीकडे पाहिलं, आणि दोघी एकदमच म्हणाल्या, "घे."

भाची डोंगरावर गेली त्या सकाळी वहिनी घरी फोन हातात धरून बसली. आत्या पायथ्याशी, रस्त्याकडेच्या दगडावर. धुकं होतं, वळण दिसत नव्हतं. आधी टिकटिक ऐकू आली. नव्या चाकांची पातळ, वेगवान. तिच्यामागे आणखी एक होती, जराशी जड. ती आत्याला पॅसेजमधून पाठ होती. आत्या ती तुटायच्या जागेची वाट पाहत राहिली.

भाची वळणावरून एकटीच खाली आली, ब्रेक दाबून आत्यासमोर थांबली. पातळ आवाज थांबला. जड आवाज थांबला नाही. तो आत्यासमोरून पुढे गेला, सपाटीला लागला, विरळ होत गेला, एक टिक, मग बऱ्याच वेळाने आणखी एक, आणि आपला आपण निवला.

"आत्या, तिकडे काय बघतेस? मी इकडे आहे ना!" भाची धापा टाकत हसली.

"हो गं," आत्या डोळे पुसत म्हणाली. "आलात ना नीट? मग झालं तर."

आत्या आपल्याला अहोजाहो कशाला करतेय, हे भाचीला कळलं नाही. ती पाण्याची बाटली शोधत होती.