बापू मेस्त्रींचा उजवा पाय

"मार! मार! मार मेल्या, अजून मार! आता धर! सोडू नको! सोडलंस तर तंगडो मोडून हातात देयन!"

सकाळी अकराच्या सुमाराला लालबागच्या आमच्या गल्लीत ही आरोळी उठली, आणि समोरच्या चाळीच्या तिन्ही गॅलऱ्या माणसांच्या भाराने वाकल्या. बीटवर नवीन आलेला एक हवालदार काठी सावरत धावत आला. बघतो तर फुटपाथला लागून उभ्या असलेल्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले, आणि आत स्टिअरिंगला लटकलेला, घामाने निथळणारा मी, म्हणजे बँकेतला पन्नाशीचा हेडक्लार्क.

"कोण मारतोय कोणाला?"

"ब्रेक मारतोय," गाडीखालून उत्तर आलं. "तुका होयो तर तूय बस. ह्याच्या पायात जोर नाय."

ते दोन पाय बापू मेस्त्रींचे. त्यातला डावा साधा होता, तुमच्या-आमच्यासारखा. उजवा मात्र असा होता की भायखळ्यापासून दादरपर्यंतचे टॅक्सीवाले त्याला मनोमन नमस्कार करायचे.

बापूंचं गॅरेज म्हणजे एक निळी ताडपत्री, एक जॅक आणि पाडून उरलेल्या गिरणीच्या भिंतीचा एक तुकडा. काम ब्रेकचं. बाकी इंजिन जळू दे, दरवाजा गळून पडू दे, बापू ढुंकून बघायचे नाहीत. काम संपलं की ते देवळात शिरल्यासारखी चप्पल काढायचे, सीटवर बसायचे, अनवाणी उजवा पाय पेडलवर ठेवायचे आणि डोळे मिटायचे. "ब्रेक बघूचो नसता रे," ते म्हणायचे, "पायान ऐकूचो असता." मग आतून एकच शब्द यायचा. "कडक!" म्हणाले की गाडी सुटली. "मऊ" म्हणाले की खुद्द मंत्र्याची गाडी असली तरी जागची हलायची नाही.

एकदा एका टॅक्सीत नुसता पाय ठेवून त्यांनी सांगितलं, "मागच्या डाव्या चाकाच्या ब्रेकात हवा हा. आणि तुझा बायकोशी बोलणा बंद हा." दोन्ही खरं निघालं. टॅक्सीवाला पायाच पडायला लागला, तेव्हा बापू वैतागले. "पेडलचो रबर टाचेकडे झिजलोहा. रागावलेलो माणूस टाचेन ब्रेक मारता. त्यात पाया काय पडतंस?" आता रबर वाचून लोकांचे संसार ओळखणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. माझी आई तर बापूंच्या तोंडून 'कडक' ऐकल्याशिवाय कुठल्याच चारचाकीत बसायची नाही. नवीकोरी असली तरी.

ब्रेकचं काम झालं की तेलाच्या नळ्यांत शिरलेली हवा काढावी लागते. त्याला माणसं दोन लागतात. एकाने आत बसून पेडल पंप करायचं आणि दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली चाकापाशी बारीक निपल सैल करून तेलाबरोबर बुडबुडे बाहेर सोडायचे. पूर्वी पेडलवर बापू स्वतः बसायचे आणि गिऱ्हाइकाला खाली झोपवायचे. दोनेक वर्षांपासून हे उलट झालं होतं. ते खाली, आम्ही वर. आम्हाला वाटलं, बापूंनी आम्हाला बढती दिली.

तर माझी गाडी. तिसऱ्या हाताची, पण स्वभावाने गरीब. आईला गावी न्यायचं होतं, तिच्या बहिणीच्या नातवाच्या लग्नाला, म्हणजे वाटेत घाट आला. म्हणून बापूंनी पुढच्या दोन्ही चाकांचे कॅलिपर नवे टाकले. कॅलिपर म्हणजे चाकाच्या थाळीला दोन्हीकडून आवळणारा चिमटा. पॅड नवे, तेल नवं. आणि पेडल? पेडल मस्क्यात बोट जावं तसं खाली जायचं. हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यात पाय घातला तरी त्याला थोडा विरोध होतो, ह्याला तोही नाही.

पहिल्या दिवशी चारही चाकांची हवा काढली. मऊ. दुसऱ्या दिवशी पेडलमागचा मास्टर सिलिंडर बदलला. मऊ. मग एकेक नळी चिमट्याने दाबून बघितली, तरी मऊ. त्या तीन दिवसांत आम्ही जेवढं तेल बाटलीत उतरवलं, तेवढ्यात अख्ख्या लालबागची भजी तळून झाली असती. बाटलीत एक बुडबुडा दिसेल तर शपथ.

तिसऱ्या दिवशी बापू कट्ट्यावर टेकले. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली आला. मला म्हणाले, "सुऱ्या, आता गिऱ्हाईक ऱ्हवला नाय. सगळे त्या काचेच्या सर्व्हिस सेंटरात जातत. लोक माझ्या पायासाठी येतत, दुसरा माझ्याकडे काय हा? ही गाडी माझ्याकडून नाय झाली तर शटर खाली."

शटर नव्हतंच. पण मला हसू आलं नाही.

तेवढ्यात प्रज्ञा आली. आमच्याच चाळीतल्या कांबळे मास्तरांची मुलगी. शीवकडे एका सर्व्हिस सेंटरात, त्या काचेच्याच, सुपरवायझर आहे. आयटीआय पास झाली तेव्हा पेढे घेऊन बापू स्वतः तिसऱ्या मजल्यावर चढले होते. सुट्टीचा दिवस होता. तिने वाकून मोबाइलचा टॉर्च पुढच्या एका चाकात मारला, मग दुसऱ्यात.

"बापूकाका," शेवटी ती अगदी हळू म्हणाली, "निपल खाली आलंय."

डाव्या चाकाचा कॅलिपर उजव्याला बसला होता, उजव्याचा डाव्याला. त्यामुळे निपल वर असायचं ते तळाला गेलेलं. तेल खालून निघून जात होतं आणि हवा वर आरामात बसून होती. आम्ही तीन दिवस काय, तीन वर्षं पंप केलं असतं तरी ती हलली नसती. ही चूक शिकाऊ माणूस करतो, पहिल्या आठवड्यात.

बापू उठले. पाना घेतला, दोन्ही कॅलिपर सोडवले आणि अदलाबदल करून लावले. "आता तू काढ," एवढंच तिला म्हणाले.

प्रज्ञा खाली बसली, मी पेडलवर. पहिल्याच खेपेला बाटलीत एवढे बुडबुडे आले की सोड्याची बाटली फुटल्यासारखं वाटलं. दहा मिनिटांत माझ्या पायाखालचं पेडल दगड झालं. मी ओरडणार, एवढ्यात प्रज्ञाने बोट ओठांवर ठेवलं. बरोबर होतं तिचं. तो शब्द उच्चारायचा मान बापूंचा. तीन दिवस हरलेल्या माणसाला तेवढं तरी मिळायला हवं होतं. मी उतरलो आणि आयुष्यात पहिल्यांदाच तोंड मख्ख ठेवलं.

बापूंनी चप्पल काढली. तीनचार पावलं अनवाणी चालत आले, सीटवर बसले, पाय पेडलवर ठेवला. डोळे मात्र मिटले नाहीत. आधी त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग प्रज्ञाकडे, मग परत माझ्याकडे. आम्ही दोघंही पुतळे.

"मऊ," बापू म्हणाले.

मला वाटलं, थट्टा करतायत. प्रज्ञा पुढे झाली. "काका, उतरा बघू जरा." ती बसली, तिने पाय ठेवला आणि लगेच उचलला. तिच्या पांढऱ्या बुटाला रक्त लागलं होतं. पेडलच्या रबरावर रक्त होतं, खालच्या मॅटवर रक्त होतं. जुन्या पॅडची एक पत्र्याची क्लिप बापूंच्या उजव्या तळव्यात अर्ध्यापर्यंत रुतली होती, आणि बापू त्याच पायावर भार देऊन उभे होते.

"काका, दुखत नाही?"

बापूंनी खाली बघितलं. दुसऱ्या कुणाचा तरी पाय बघावा, तसं.

साखर होती, हे घरी माहीत होतं. पाय बधिर झालाय, हे बापूंनी कुणालाच कळू दिलं नव्हतं. जखम चिघळली. परळच्या हॉस्पिटलात आधी अंगठा गेला, महिन्याभरात घोट्यापासून पाय. ताडपत्री कोणी उचलून नेली, कळलं नाही. माझी गाडी तिथेच उभी राहिली. तिचा ब्रेक उत्तम होता, पण आईने एकच विचारलं, "बापू कडक म्हणाले का?" मी काय सांगणार? लग्न आमच्याशिवाय झालं. बापू त्याच वर्षी, दिवाळीच्या आधी गेले. माझ्या डोक्यात तेव्हापासून एक हिशोब अडकून बसलाय. दोन वर्षांत त्या गल्लीतून किती टॅक्सी, किती शाळेच्या गाड्या 'कडक' म्हणून सुटल्या असतील!

अंगठा काढला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलात गेलो होतो. इकडचं तिकडचं बोलून झालं, शहाळं पिऊन झालं, आणि मला राहवलं नाही. "बापू, पायाला कळत नव्हतं, तर दोन वर्षं तुम्ही कडक-मऊ सांगत कसे होता?"

बापू पंख्याकडे बघत म्हणाले, "डोळे मिटूच्या आधी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून. त्या दिवशी तुझ्या तोंडार काय दिसूक नाय."